बोललेला पत्ता

९ जून

चि. टकळीस,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही.

तुझे मोबाइलवरचे निरोप मिळाले. सगळे वाचले, एकालाही उत्तर दिलं नाही. त्या काचेवर माझा अंगठा एका वेळी तीन अक्षरं दाबतो, आणि उरलेला शब्द यंत्र स्वतःच्या मनाने पुरा करतं. मला 'बरा आहे' लिहायचं होतं, त्याने 'बरा होईन' केलं. मी तसं म्हटलंच नव्हतं. तेव्हा आपलं पत्र बरं, मी लिहीन तेवढंच तुला पोचतं.

काम असं आहे. सप्टेंबरात तो मोठा मेळावा भरतोय, जिथे चांगली शिकलीसवरलेली माणसं अंगाला पंख आणि शेपट्या लावून हिंडतात. तिथे आपल्या पत्त्यांच्या खेळाची अजिंक्यपद स्पर्धा असते. तुला ठाऊक आहे मी या नादाला कसा लागलो ते. खेळाच्या दुकानाची लिफ्ट दुरुस्त करायला गेलो, सुटा भाग यायला वेळ लागला, तळघरात खेळणाऱ्यांच्या मागे उभा राहिलो तो आजतागायत उभाच आहे. पाकिटं विकत घ्यायची, आत काय निघतं बघायचं, जमवून जमवून स्वतःचा गठ्ठा बांधायचा. तुझ्या आईच्या मते हे लग्न न केलेल्या माणसाचे चाळे. ताईशी वाद कोण घालणार.

अडचण एकच. या खेळात पत्ता टाकताना त्याचं नाव मोठ्याने म्हणावं लागतं. नाव म्हटलं की पत्ता पडला, मग तो परत घेता येत नाही. नाव म्हटलं नाही तर पत्ता टेबलावर आपटलात तरी तो पडलाच नाही. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये घसाच काढून टाकलेल्या माणसाचा विचार नियम करणाऱ्यांनी केला नव्हता, त्यांना तरी काय नावं ठेवायची. मानेला लावायचं ते बोलकं यंत्रही करून पाहिलं. किरणांचे शेक देऊन देऊन मान लाकडासारखी झाली आहे, नुसती घरघर येते. एखादा शब्द उमटलाच तर 'कृपया दारापासून दूर राहा' म्हणणाऱ्या लिफ्टसारखा. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता शेवटी लिफ्ट व्हायचं नाही.

मी पंचांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की सोबत एक माणूस बसवा. त्याने माझ्या हातातले पत्ते बघितले तर चालेल. मी पत्ता पुढे केला की त्याने नाव म्हणायचं, दुसरं काही बोलायचं नाही.

तू येशील का? लहानपणापासून माझ्याशी खेळलीस, पत्ते तुला पाठ आहेत, आणि तुझ्या तोंडाला अजून कोणाला कुलूप घालता आलेलं नाही.

तब्येत ठीक. मे महिन्यात तपासणी झाली. डॉक्टर 'बघू' म्हणाले.

तुझा मामा


१५ जून

मामा,

येशील का म्हणून विचारतोस? मी नाही आले तर दुसरं कोण येणार आहे, तुझ्या तळघरातली ती मिसरूड न फुटलेली मंडळी? मी येणार. सुट्टी मागितली. साहेबांनी कारण विचारलं, मी म्हटलं माझ्या मामाचा आवाज म्हणून जायचंय. त्यांनी लगेच सही केली.

खरं तर या कामासाठी माझ्याइतकं लायक कोणी सापडणार नाही. विमा कंपनीच्या तक्रार विभागात दुसरं काय करते मी? दिवसभर कानाला हेडफोन लावून बसायचं. एकेक फोन लवकर आटपायचा असतो, म्हणून मी लोकांचं वाक्य त्यांच्या आधी पुरं करते. माणूस 'अहो, माझी गाडी उभी होती आणि' एवढं म्हणाला की मी विचारते, 'मागून धडक बसली का?' मागूनच बसलेली असते. लोक खूश होतात, त्यांना वाटतं ही बाई किती समजून घेते. ऑफिसच्या भिंतीवर माझा फोटो लागलाय या महिन्यात, फार वाईट आलाय तो.

डॉक्टर 'बघू' म्हणाले हे वाचून जीव भांड्यात पडला. वाईट असतं तर ते बघत बसले नसते, लगेच सुया टोचायला लागले असते. आता तू अंगावर जरा मांस धर. आणि स्पर्धेचं फार मनाला लावून घेऊ नकोस. या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी आहेच की.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल दोघांनाही एकाच खोलीत डांबा.

तुझी टकळी


२२ जून

टकळे,

पुढच्या वर्षीचं राहू दे. पुढच्या वर्षी नियम बदलतात, पंच बदलतात, काय काय बदलतं. या वर्षी परवानगी मिळाली आहे, या वर्षी जाऊ.

आता कामाचं ऐक. पत्त्याचं नाव सपाट आवाजात म्हणायचं. तुझा स्वभाव मला माहीत आहे. चांगला पत्ता निघाला की तू तो बारशातल्या नावासारखा उच्चारशील आणि समोरच्याला कळेल की माझ्या हातात अजून काय आहे. वाईट पत्ता असला की तुझा आवाज पडेल. तसं चालणार नाही. ऑफिसात बसल्या बसल्या सराव कर. भिंत. सुरुंग. राखणदार. उधाण. वणवा. सगळे एकाच आवाजात, वाण्याने सामान वाचून दाखवावं तसे.

आणि मी पत्ता तुझ्यापुढे धरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आमच्या कामातही असंच असतं. एकजण लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो, दुसरा वर बटणांपाशी. खालचा सांगतो, वरचा ते शब्द परत म्हणून दाखवतो, मगच लिफ्टचा पाळणा हलवतो. खालच्याला काय हवंय हे वरच्याला कितीही ठाऊक असलं तरी.

मला या स्पर्धेतून काय हवंय असं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. ऑपरेशन झाल्यापासून माझं सगळं दुसरेच ठरवतात. दुकानदार मला बघून ताईला विचारतो, याला काय हवंय. शेजारी माझ्याशी मोठ्याने बोलतात, जणू मी बहिरा आहे. कामावरून तर काढलंच, खड्ड्यातून ओरडता येत नाही म्हटल्यावर कोण ठेवील. तर एक डाव असा खेळायचाय जो माझ्या हाताने ठरेल. जिंकलो तर उत्तमच. हरलो तर माझा पत्ता चुकला म्हणून हरायचंय. एवढंच.

मामा


४ ऑगस्ट

मामा,

सरावाला येऊन गेले त्याला आठवडा झाला तरी घसा खवखवतोय. दोन दिवस 'भिंत, भिंत, भिंत' म्हणत होते, ऑफिसात एका गृहस्थाला 'तुमची भिंत मी नोंदवून घेतली' म्हणाले. सुदैवाने त्यांची तक्रार भिंतीचीच होती.

पण एक सांगते, मला मजा आली. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण जमिनीवर पत्ते मांडून बसायचो तसंच वाटलं. तू अजिबात बदललेला नाहीस. कोंडीत सापडलास की हातात डावीकडे धरलेली भिंत पुढे करायची आणि समोरचा दमेपर्यंत मागे बसून राहायचं. जमवलेलं सगळं राखून ठेवायचं, एक पत्ता वाया घालवायचा नाही. दुसऱ्या दिवशी तर तुझा हात उठायच्या आधी मला कळत होतं कुठला पत्ता येणार. एकदाही चुकले नाही, मनातल्या मनात मोजत होते.

म्हणूनच विचारते, गठ्ठ्यात तो वणवा कशाला घातलास? तो टाकला की टेबलावरचं दोघांचंही सगळं जळतं, आणि जळलेल्या पत्त्यागणिक समोरच्याचा एक जीव जातो. असले पत्ते अंगात खुमखुमी असलेल्यांनी ठेवावेत, तू जन्मात टाकणार नाहीस. नुसती जागा अडवून बसलाय. काढ आणि दुसरा राखणदार घाल.

तू फार वाळलास. तू पाटीवर लिहिलंस की नळीतून घ्यायचं पातळ अन्न मानवत नाही, ते मी मान्य केलं. पण मानेवरची पट्टी पूर्वीपेक्षा मोठी का आहे, याचं उत्तर लिहायला तुझा खडू संपला होता. मी कपाटात बघितलं, खडू भरपूर आहेत.

टकळी


११ ऑगस्ट

टकळे,

वणवा असू दे.

तुला माझे पत्ते आधी कळतात हे ठीक आहे. कळू देत. तोंड मिटून कळू देत.

पट्टी मोठी आहे कारण लहान पट्ट्या दुकानात संपल्या होत्या. गाडी सकाळची आहे, उशीर करू नकोस. खोली दोन पलंगांची सांगितली आहे. मी रात्री शिटी वाजल्यासारखा श्वास घेतो, कानात बोळे घालायला आण.

मामा


२१ सप्टेंबर

मामा,

स्टेशनवर तू मला काही न लिहिता गाडीत चढलास. खिडकीशी आले तर पाटी पिशवीत होती. मला वाटलं दमलास. तीन दिवस तुझ्या पत्राची वाट बघतेय, अजून आलं नाही, म्हणून मीच लिहिते. तू तिथे होतासच, तरी मला माझ्या बाजूने सांगू दे, नाहीतर मला झोप लागणार नाही.

पहिले सगळे डाव किती छान झाले. तो एवढा मोठा हॉल, छताला नुसते पत्र्याचे नळ, खाली शेकडो टेबलं, आणि त्यात तू इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. आपल्या शेजारच्या टेबलावर एक ड्रॅगन होता, त्याला शेपटीमुळे खुर्चीवर बसता येत नव्हतं, तो उभ्याने हरला. लोक तुझ्या मानेकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघून बोलायचे. मी तुझं नाव सांगायचे, गाव सांगायचे, तू कुठला गठ्ठा खेळतोस तेही सांगायचे. तू विहिरीत वाकून बघावं तसा पत्त्यात बघत होतास. संध्याकाळी यादीत आपलं नाव अंतिम फेरीत लागलं तेव्हा मी त्या ड्रॅगनला मिठी मारली.

आणि मग ती निळ्या केसांची मुलगी. चांगली होती ती. सगळ्या हॉलमध्ये ती एकटीच तुझ्याशी बोलताना तुझ्याकडे बघत होती. डाव तुझ्या हातातून निसटत चालला होता, पण तिचेही थोडेच जीव उरले होते. टेबल दोघांच्या पत्त्यांनी भरलेलं. तुझी पाळी आली. तू फार वेळ विचार केलास, पंचांनी घड्याळाकडे बघितलं. तुझा हात हलला आणि मी 'भिंत' म्हणाले.

माझ्या तोंडून निघून गेलं, मामा. तू पत्ता पुढे धरला नव्हतास हे मला लगेच समजलं. पण भिंत तुझ्या हातात होतीच, आणि अशा वेळी तू तीच टाकतोस, म्हणून मला वाटलं त्याने काही बिघडणार नाही. ती मुलगीच पंचांना म्हणाली, 'त्यांनी अजून पत्ता दाखवला नव्हता.' पंच खाली वाकले आणि मला विचारलं, 'खेळाडूला हाच पत्ता टाकायचा होता का?' मी 'हो' म्हटलं. सगळे ताटकळले होते, उगीच घोळ नको म्हणून. पुढे तिने सुरुंग टाकला, तो भिंतीखालून गेला, आणि संपलं.

घाई केली, माफ कर. पण तू भिंतच टाकणार होतास ना? तेवढं एक कळव.

दुसरा क्रमांक म्हणजे काही थोडं नाही. पुढच्या वर्षी तिला बघून घेऊ.

टकळी


२८ सप्टेंबर

चि. टकळीस,

होय. भिंतच टाकणार होतो.

त्या हॉलची मालवाहू लिफ्ट तू पाहिलीस का? प्रत्येक मजल्यावर चार बोटं खाली थांबत होती. लोक ठेचकाळत होते आणि आपल्याच पंखांना दोष देत होते. ब्रेकचं अस्तर झिजलंय, दुसरं काही नाही. दोन तासांचं काम आहे, पण सांगणार कोणाला.

दुसऱ्या क्रमांकाची ढाल मिळाली. ताईने ती फ्रिजवर ठेवली आहे.

जपून राहा.

मामा


१० ऑक्टोबर

मामा,

तू खोटं लिहिलंस.

मेळावा भरवणाऱ्यांनी अंतिम डावाचं चित्रीकरण सगळ्यांना बघायला ठेवलंय. ऑफिसातल्या एकीने हौसेने लावलं, सगळ्या माझ्या खुर्चीमागे जमल्या. कॅमेरा टेबलाच्या वर होता. तुझा हात स्पष्ट दिसतो. तू डावीकडे गेलाच नाहीस. तुझी दोन बोटं उजवीकडच्या शेवटच्या पत्त्यावर आहेत, तो अर्धा बाहेर आला आहे, वणव्याचा लाल काठ दिसतोय. आणि माझं तोंड आधीच उघडं आहे.

टेबलावर किती पत्ते होते ते मी थांबवून बघितलं. सगळे जळले असते आणि तिचे उरलेले जीव त्यात गेले असते. तू जिंकला होतास, मामा. तू जिंकला होतास आणि मी तुझ्या शेजारी बसून तुला हरवलं.

आणि त्यानंतरचं तर मला बघवलं नाही. पंच विचारतात तेव्हा तू पत्ते पालथे ठेवून खिशातून पेन काढतोयस. कागद ओढलास. मी 'हो' म्हणते त्या क्षणाला पेन कागदावर टेकलेलं आहे. मग तू ते तसंच धरून बसलास. माझी मान पंचांकडे आहे. तुझ्या बाजूला मी एकदाही वळले नाही. मागे उभी असलेली एकजण म्हणाली, 'अगं, ते काहीतरी लिहीत होते.' मी पाणी प्यायला उठले आणि परत जागेवर गेलेच नाही.

घरी येऊन आईला फोन केला. रडत रडत विचारलं मामा असा का खेळला, तो तर असा खेळत नाही. आई आधी टाळत होती. मग म्हणाली, 'त्याचं परत आलंय गं. मेपासून माहीत आहे. तुला सांगू नकोस म्हणाला होता.'

मेपासून. आणि मी तुला लिहीत होते पुढच्या वर्षी आहेच की, अंगावर मांस धर.

मला काहीतरी लिही. शिव्या दे, पण खरं लिही.

टकळी


१७ ऑक्टोबर

टकळे,

ताईने सांगितलं ते खरं. डॉक्टर 'बघू' म्हणाले हेही खरं. त्याच्या पुढचं वाक्य मी तुला लिहिलं नाही.

भिंतीबद्दल खोटं लिहिलं कारण तू तेच मागत होतीस. 'तेवढं एक कळव' म्हणालीस, कळवलं. आणि रागावलेलो होतो, रागात खरं लिहिलं असतं तर तुला लागलं असतं. आता राग बराच उतरला आहे, पूर्ण नाही.

हरल्याचा राग नाही. तुझं तोंड चुकून उघडलं त्याचाही नाही, तशी तू पाळण्यात असल्यापासून बडबडतेस. पंचांनी तुला विचारलं त्याचा आहे. त्यांनी विचारलं खेळाडूला काय हवं होतं, खेळाडू तुझ्या कोपराला कोपर लावून बसला होता, आणि तू त्याच्याकडे न बघता उत्तर दिलंस. तू मला इतकी ओळखतेस की माझ्याकडे बघायची गरज उरली नाही. मी कागदावर 'ना' लिहून थांबलो. पुढे 'ही' लिहायचं होतं, ते कोणासाठी लिहायचं ते कळेना.

माझाही दोष आहे. जन्मभर राखून राखून खेळलो, ते पुढे दिवस आहेत म्हणून. आता काय राखायचं, म्हणून वणवा घातला. तुला हे ठाऊक असतं तर तू थांबली असतीस. मीच तुला जुना मामा दाखवत राहिलो, तू जुन्या मामाचा पत्ता म्हटलास. तेवढं माझ्याकडे लागू.

रडून झालं असेल तर आता काम ऐक. तीस तारखेला डॉक्टरांनी बोलावलंय. पुन्हा शेक आणि ते नवीन औषध सुरू करायचं का, हे ठरवायचं आहे. डॉक्टर चांगले आहेत. पण प्रश्न मला विचारतात आणि उत्तराला ताईकडे बघतात. मी अर्धी ओळ लिहीपर्यंत त्या दोघांचं ठरून तारीखसुद्धा पडलेली असते. गेल्या वेळी असंच झालं. ताई 'हो' म्हणणार. बहीणच ती, तिने दुसरं काय म्हणावं.

तू ये. मध्ये बस. मी पेन खाली ठेवीपर्यंत कोणाला बोलू द्यायचं नाही, स्वतःला तर मुळीच नाही. मग कागदावर जे असेल ते वाच. सगळं वाच, मधलं गाळू नकोस, सपाट आवाजात.

काय लिहिणार ते आत्ता विचारू नकोस. मलाच अजून नक्की नाही.

मामा


२ नोव्हेंबर

मामा,

दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू माझा हात धरलास आणि मी तो सोडवून घेतला. तू वळून आईला आधार द्यायला गेलास. मला त्याचं वाईट वाटतंय, पण तेव्हा धरवत नव्हता.

डॉक्टरांनी खरंच तसंच केलं. तुला विचारलं आणि आईकडे बघितलं. आईने 'हो, डॉक्टर, आपल्याला जे' एवढं म्हटलं आणि मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हटलं, 'मामा लिहितोय.' डॉक्टरांचा फोन वाजला, त्यांनी तो उलटा करून ठेवला. मग त्या खोलीत तुझ्या पेनाचा आणि तुझ्या मानेतून येणाऱ्या श्वासाचा आवाज तेवढा होता. इतका वेळ गप्प मी आयुष्यात बसलेली नाही. साहेबांनी बघितलं असतं तर माझा फोटो भिंतीवरून उतरवला असता.

तू एक ओळ लिहिलीस, खोडलीस, परत लिहिलीस. पहिल्या दोन शब्दांतच मला पुढचं सगळं कळलं. आणि मला काय वाटलं ते सांगते, कारण खरं लिही असं मीच तुला म्हटलं होतं. मला वाटलं कागद उचलावा आणि दुसरंच वाचावं. 'हो, सुरू करा' एवढेच शब्द. तू ओरडू शकला नसतास. आई सुटली असती, डॉक्टरांनी लगेच फाइल उघडली असती, आणि तू पेन हातात धरून बसला असतास, त्या दिवशीसारखा. मला ते जमलं असतं, मामा. माझं रोजचं काम आहे ते.

तू पेन ठेवलंस. मी वाचलं. 'आता शेक नको, औषध नको. घरी राहायचं आहे. दुखेल तेव्हा दुखणं थांबवायला या, बाकी कशाला येऊ नका. ताईला सांगा की मी शुद्धीवर आहे आणि हे मला कोणी शिकवलेलं नाही.' शेवटच्या वाक्याला माझा आवाज हलला, बाकी सपाट होता. डॉक्टरांनी पहिल्यांदा तुझ्याकडे बघून विचारलं, 'नक्की?' तू मान हलवलीस. त्यावर माझ्यासाठी काही काम नव्हतं.

तुला हवं होतं ते मिळालं. मला त्याचा आनंद झालेला नाही, आणि होणारही नाही. मी तुझ्यावर रागावले आहे. तू म्हणालास तेच मी म्हटलं, म्हणून तर रागावले आहे.

शनिवारपासून रजा टाकली आहे, तिथेच राहायला येते. पत्ते आणायचे की नको ते कळव, मी ठरवणार नाही.

आईचं सांगायचं राहिलं. परतताना गाडीत ती माझ्याशी बोलली नाही. काल फोन केला. म्हणाली, 'तू का गं म्हणालीस तसं डॉक्टरांना?' मी म्हटलं, 'मी नाही म्हणाले, आई. मामा म्हणाला.'

मग म्हणाली, 'मला तर तुझाच आवाज ऐकू आला.'



तुझी टकळी